आईचा वाटा

चिकोडीच्या न्यायालयात मी तीस वर्षे दिवाणी वकिली केली, आणि त्या तीस वर्षांत सर्वांत जास्त कागद लिहिले ते वाटणीचे. आमच्या सीमाभागातल्या वकिलाला भांडणे दोन भाषांत ऐकून घ्यावी लागतात. थोरला भाऊ मराठीत चिडतो. धाकट्याची सासुरवाड गोकाककडची असली तर तो निम्मे कन्नडमध्ये चिडतो. पण ज्या कागदावर दोघांच्या सह्या व्हायच्या, त्याला आमच्याकडे दोन्ही भाषांत ‘वाटणी’च म्हणतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरची आंब्याची झाडे, गोठ्यातल्या म्हशी, देवघरातले देव, या सगळ्यांचे हिस्से मी पाडून दिले आहेत. देवांची वाटणी त्यातल्या त्यात सोपी. त्यांना वर्षाची पाळी लावून दिली की ते तक्रार करीत नाहीत.

असा मसुदा करताना एक कलम मी अगदी आधी लिहीत असे. ते आईचे. वडील गेलेले असतात, भाऊ वेगळे निघत असतात आणि म्हातारी सोप्यात भिंतीला टेकून बसलेली असते. तिचे काय करायचे? दोन एकर हयातीपर्यंत द्यायचे, की वर्षाला अमुक पोती जोंधळा आणि हातखर्चाला अमुक रुपये द्यायचे, की चार-चार महिने एकेकाकडे ठेवायचे? हे ठरल्याखेरीज पुढच्या गोष्टीला हात घालू नये, असे मला ज्यांच्या हाताखाली शिकायला मिळाले ते ज्येष्ठ वकील सांगत. सगळे वाटून झाल्यावर आईसाठी काही काढायचे म्हटले तर ते कोणाच्या तरी ताटातून काढावे लागते, आणि तेव्हा कोणी आपले ताट पुढे करीत नाही.

वकिली सोडल्यावर हाताशी वेळ आला, म्हणून मी आमच्या भागातली सर्वांत मोठी वाटणी वाचायला घेतली. ती कृष्णा नदीची. तिच्यासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा १९७३ च्या डिसेंबरात आला आणि खुलासे-दुरुस्त्या होऊन १९७६ च्या मे महिन्यात तो अंतिम झाला. चार वर्षांपैकी तीन वर्षे तरी नदीत हमखास मिळेल असे पाणी २०६० टीएमसी, म्हणजे २०६० अब्ज घनफूट, धरले गेले. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्र प्रदेशाला. वाचकांनी ही बेरीज एकदा बोटांवर करून पाहावी. ५६०, ७०० आणि ८०० मिळून बरोबर २०६० होतात. वर जे शिल्लक राहील ते वापरण्याची मुभा सर्वांत खालच्या आंध्रला दिली. धंद्याची खोड म्हणा, मी पाने चाळताना आईचे कलम शोधीत होतो. ते नव्हते.

यात लवादाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे पक्षकार होती ती राज्ये. नदी पक्षकार नव्हती. शिवाय नदीसाठीही काही पाणी राखावे ही कल्पना त्या काळी आपल्याकडे कोणी फारशी बोलतही नव्हते. पण मला प्रश्न पडला तो कायद्यातला नव्हता. आपण या नदीला कृष्णामाई म्हणतो. हे म्हणणे जर खरे असेल, तर त्याच्या मागोमाग काही देणे येते की नाही? आणि काहीच देणे येत नसेल, तर आपण तिला आई कशासाठी म्हणतो?

जुन्या हिंदू कायद्यात याविषयी एक नियम आहे. आई आपण होऊन वाटणी मागू शकत नाही. ती कुटुंबाची मालक नाही, दावा लावणारी नाही. पण वडिलांच्या मागे मुलांनी स्वतःहून वाटणी केली, तर मात्र तिला एका मुलाइतका वाटा मिळालाच पाहिजे. याज्ञवल्क्य स्मृतीत हे आहे आणि मिताक्षरेने ते स्वीकारले आहे. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कोठला, तर आपल्याच शेजारचा. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी राजधानीत त्याने हा ग्रंथ लिहिला. ते कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, जिथे बाजारात अजूनही दोन-तीन भाषा एका दमात कानावर पडतात. पुढे गंमत अशी झाली की मुंबई इलाख्यात आईच्या वाट्याचा हा नियम चालू राहिला आणि मद्रासकडे तो मागे पडला. कृष्णा उगवते मुंबई इलाख्यात आणि समुद्राला मिळते जुन्या मद्रास इलाख्यात. योगायोगच तो, पण वकिलाला असले योगायोग सोडवत नाहीत.

नदीची स्थिती या आईसारखीच आहे. तिला स्वतःहून काही मागता येत नाही. पण मुलांनी वाटायला घेतल्यावर तिचा हक्क सुरू होतो.

आता कोणी म्हणेल, आई हा शब्द आपण नुसता लाडाने वापरतो, त्याला एवढे कायद्याच्या तराजूत कशाला घालायचे? म्हणून आधी ही आई कोणाची आणि किती जणांची आहे ते पाहू.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. पुराणकथा अशी की ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले, आणि संतापलेल्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा. स्वतः सावित्रीही नदी होऊन पश्चिमेला उतरली. एका अन्यायातून या नद्या जन्मल्या आहेत, हे कथा सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. घरातल्या बाईला न विचारता तिची जागा दुसऱ्या कोणाला देऊन टाकली, एवढीच ती गोष्ट आहे.

तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर. सावित्री तो जवळचा रस्ता धरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णेने पाठ फिरवली आणि पूर्वेचा सुमारे १४०० किलोमीटरचा रस्ता धरला. तिने जवळचा रस्ता धरला असता तर वाई नाही, सांगली नाही, वाडी नाही, आणि आमचा तालुकाही बहुधा कोरडा राहिला असता. वाईला तिचे नाव कृष्णाबाई, आणि तिथले घाट तिच्या नावाने उत्सव करतात. माहुलीला वेण्णा मिळते. कऱ्हाडला कोयना समोरून येते आणि दोघी अगदी तोंडाला तोंड लावून भेटतात, म्हणून तो प्रीतिसंगम. या कोयनेचे बरेचसे पाणी धरणातून सह्याद्रीच्या पोटात उतरवून, वीज करून, पश्चिमेला वाशिष्ठीत सोडून देतात. आपल्या घरातला दिवा त्या पाण्यावर लागलेला आहे, म्हणून त्याविषयी जपून बोलावे. पण मुलगी पूर्वेला निघाली असताना तिचा निम्मा डबा पश्चिमेच्या गाडीत चढवावा, तसा तो प्रकार आहे.

पुढे औदुंबर, सांगली, हरिपूरला वारणा, आणि मग नृसिंहवाडी. पावसाळ्यात पंचगंगा आणि कृष्णा फुगल्या की वाडीत पाणी देवळात शिरते, दत्ताच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दारातून बाहेर पडते. त्या दारात स्नान करण्यासाठी माणसे रात्री-अपरात्री धावत येतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवलेली असते, कोणी रागावत नाही, कोणी नदीला आवरा म्हणत नाही. ज्या देवळात पाणी येणे हा सोहळा असतो, तिथले बांधकाम पाणी येणार हे धरूनच केलेले आहे. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

शिरोळ तालुका संपता संपता राजापूरचा बंधारा लागतो आणि मग नदी आमच्याकडे येते. आमच्याकडे येताना तिला ओळखपत्र लागत नाही. यडूर-कल्लोळच्या आसपास दूधगंगा मिळते, मांजरीच्या पुलाखालून ती अंकलीला, कुडचीला जाते. वाडीपर्यंत जिला कृष्णामाई म्हणतात, तिला कर्नाटकात कृष्णे म्हणतात आणि तेलुगू लोक कृष्णम्मा म्हणतात. आई हा शब्द त्यांनीही सोडलेला नाही. आमच्या बायका नदीची ओटी भरतात, खण-नारळ सोडतात. कर्नाटकात सुपात बांगड्या, हळदकुंकू, खण घालून बागिन देतात. अलमट्टीचे धरण भरले की त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वतः येऊन बागिन वाहतात. मला ही प्रथा आवडते. पण एक गोष्ट मनात येतेच. खण-बांगड्या आईला दिल्या, पाणी मात्र मोजून आपल्याकडे ठेवून घेतले.

माझी आजी आंघोळीच्या वेळी सात नद्यांचा श्लोक म्हणत असे. सर्वांना पाठ असणाऱ्या त्या श्लोकात गंगा आहे, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आहेत, थेट कावेरी आहे; कृष्णा नाही. आजीला हे पटत नसे. श्लोक संपवून ती आपल्या पदरचे ‘आणि आमची कृष्णाबाई’ असे जोडी आणि मगच तांब्या डोक्यावर ओती. यादीत नाव नसलेल्याची आठवण घरच्या माणसाने ठेवायची असते, ही समज तिला कोणी शिकवली नव्हती.

पुढचा प्रवास मी एका उन्हाळ्यात बसने आणि रेल्वेने तुकड्या-तुकड्यांत केला. अलमट्टीच्या फुगवट्यात जुने बागलकोट शहर बुडाले आणि माणसे नवनगरात गेली. कूडलसंगमला मलप्रभा मिळते; बाराव्या शतकात बसवण्णा जिथे ऐक्य झाले ते स्थान नारायणपूर धरणाच्या पाण्यात येत होते, म्हणून त्याच्याभोवती विहिरीसारखी उंच भिंत बांधली आहे आणि आत पायऱ्या उतरून जावे लागते. भोवती पाणी, मध्ये कोरडा खळगा, आणि त्यात समाधी. रायचूरच्या उत्तरेला भीमा येते, म्हणजे पंढरपूरची चंद्रभागा येते, आणि पुण्याची मुळा-मुठाही तिच्याबरोबर आपले सारे पदरात घेऊन येते. जवळच नदीच्या बेटावर कुरवपूर आहे, श्रीपाद श्रीवल्लभांचे. औदुंबर, वाडी, कुरवपूर, आणि भीमेवरचे गाणगापूर: आमच्या घराघरांतला दत्तसंप्रदाय या नद्यांच्या काठानेच खाली सरकत गेला आहे. गुरुचरित्र मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती असे मानतात. सीमाभागातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

तुंगभद्रा मिळते त्याच्या खाली श्रीशैल धरणाच्या जलाशयात संगमेश्वराचे देऊळ आहे. धरण भरले की ते पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. तेवढे काही महिने पूजा होते. पुढे श्रीशैल, जिथे १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज आले होते. मग नागार्जुनसागर, ज्याची पायाभरणी नेहरूंनी १९५५ मध्ये केली आणि ज्याच्या पाण्यात जाणारे बौद्ध अवशेष उचलून टेकडीवर नेऊन मांडले. ती टेकडी आता बेट झाली आहे. मग विजयवाड्याचा बंधारा, कनकदुर्गेचे देऊळ, आणि शेवटी हंसलदीवीला समुद्र.

त्या भागाला दिवीसीमा म्हणतात. तेलुगूत सीमा म्हणजे प्रदेश, मुलूख. आपल्या कानाला सीमा म्हटले की कुंपण ऐकू येते, त्यांच्या कानाला माती.

हंसलदीवीची कथा अशी की लोकांची पापे धुऊन धुऊन गंगा काळी पडली, कावळा झाली, आणि तीर्थे हिंडत हिंडत इथे कृष्णा-सागर संगमात बुडी मारल्यावर पांढरी हंस होऊन वर आली. आपल्याकडे कन्यागत म्हणतात त्याच्याशी ही कथा जुळते. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत गेला की गंगा कृष्णेला भेटायला येते. वाई-वाडीला ती वर्षभर राहते. तेलुगू मुलखात हाच योग पुष्करालु म्हणून १२ दिवस साजरा होतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. कथेचा अर्थ कोणी काही लावो, मला तिच्यात एक हिशेब दिसतो. लोक आपला मळ गंगेला देतात, गंगा तो कृष्णेला देते. कृष्णेने तो कोठे न्यायचा? कथेचे उत्तर स्पष्ट आहे: समुद्रात. म्हणजे नदी समुद्रापर्यंत पोचली पाहिजे, हे गृहीत धरून ही सारी पुण्याची व्यवस्था रचलेली आहे.

आणि इथेच आपला आजचा शब्दप्रयोग आडवा येतो. ‘समुद्रात वाया जाणारे पाणी.’ महाराष्ट्रात तो ऐकू येतो, कर्नाटकात येतो, आंध्र-तेलंगणात तर निवडणुकीत येतो. २००१ ते २००४ ही कोरडी वर्षे गेली, तेव्हा कृष्णेचे पाणी समुद्राला जवळजवळ मिळालेच नाही. वाया जाऊ न देण्यात आपण पूर्ण यशस्वी झालो. मग मुखाजवळच्या जमिनीत खारे पाणी आत सरकते, गाळ येत नाही म्हणून किनारा खचतो, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिसळीवर वाढणारी कोळंबी आणि मासे कमी होतात. ज्यांचे पोट त्यावर चालते ते कोळी कोणत्याही लवादापुढे उभे नव्हते. आपल्या जुन्या कवींनी सागराला नदीचा पती म्हटले. मुलीने सासरी जाणे म्हणजे तिचे वाया जाणे, असे म्हणणाऱ्या बापाला आपण काय म्हटले असते?

माझा एक भाचा जत तालुक्यात शेती करतो. त्याच्यापुढे हे सारे बोललो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मामा, नदी तुमच्या दारात आहे, म्हणून तुम्हाला तिची काळजी. आमच्याकडं टँकरच्या मागं घागर घेऊन पळणाऱ्या बायकांना जाऊन सांगा, की नदीला पाणी कमी पडतंय.”

याला चटकन उत्तर देणारा माणूस मला आवडत नाही. भाच्याचे म्हणणे खरे आहे. म्हैसाळहून कृष्णेचे पाणी टप्प्या-टप्प्याने उचलून जतकडे नेतात, आणि जतच्या सीमेवरची गावे कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी मागतात. कर्नाटक उन्हाळ्यात महाराष्ट्राला कोयना-वारणेतून पाणी सोडण्याची विनंती करते. दोन राज्ये न्यायालयात भांडतात आणि परसदारी उसनवार करतात, जाऊबाईंसारखी. तहानलेल्याला पाणी देणे हा नदीचा धर्मच आहे. आई स्वतः उपाशी राहून पोरांना घालते, मग नदीने घातले तर काय बिघडले?

पण घागरीत किती पाणी मावते? तालुक्याची तहान भागवल्याने कोणतीही कृष्णा आटलेली नाही. पाणी जाते ते उसाला, आणि तेही पाटाने, रात्रभर सोडून. शिरोळ, मिरज, वाळवा इथे आणि आमच्याकडेही नदीकाठच्या कितीतरी जमिनी पाणी पाजून पाजून क्षारपड झाल्या. वर मीठ फुटले, आता तिथे गवतही धड येत नाही. म्हणजे एका टोकाला दिवीसीमेची जमीन नदीचे पाणी न मिळाल्याने खारी होते आणि दुसऱ्या टोकाला आमची जमीन ते फार मिळाल्याने खारी होते. मधल्या मध्ये जतची घागर रिकामीच. तेव्हा नदीचा वाटा काढला तर तो जतच्या बाईच्या घागरीतून काढावा लागेल, हे मला मान्य नाही. तो ज्यांच्या ताटात आधीच उतू जाते आहे, त्यांच्याकडून काढावा लागेल. आमच्या भागात ज्याच्या घरी ऊस नाही असा माणूस विरळा, त्यामुळे हे वाक्य लिहिताना शेजारीपाजारी काय म्हणतील हे मला ठाऊक आहे.

आई उपाशी राहते, याविषयी मात्र मला काही सांगायचे आहे. नदीकाठच्या एका गावातले तीन भाऊ वाटणीसाठी आमच्याकडे आले होते. बरोबर आई. मी तिचे कलम लिहायला घेतले तर ती म्हणाली, “मला काय करायचंय? पोरांचं झालं की माझं झालंच. माझं काही लिहू नका.” तिन्ही मुलगे एकदम म्हणाले, “बघा, ती नकोच म्हणते.” त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती; त्यांना ते खरेच वाटत होते. मी लेखणी खाली ठेवली. माझे ज्येष्ठ लिंगायत होते, त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल होता. ते कागद तपासत होते, त्यांनी मानही वर केली नाही. म्हणाले, “तम्मा, अव्वा ‘नको’ म्हणती ते लिहायचं नसतंय. ती जेवताना पण नकोच म्हणती.”

म्हातारी हसली आणि मग पदराने डोळे पुसायला लागली. तिच्या नावावर दीड एकर विहिरीकडची जमीन लागली.

आईला भूक नसते, असे लहान मुलाला खरेच वाटते. मोठेपणीही वाटत राहिले तर त्याला निरागसपणा म्हणता येत नाही, कारण तो समज सोयीचा असतो. नदी सारे सोसते, सारे पोटात घेते, ती कधी कोणाला नाही म्हणत नाही, ही आपली आवडती वाक्ये आहेत. नदीच्या त्यागाचे जेवढे गोडवे आपण गाऊ तेवढे तिला कमी दिले तरी चालते. पंचगंगेत कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी येते, मेलेले मासे तरंगतात, तेच पाणी वाडीला कृष्णेत मिसळते आणि आपण त्यात उभे राहून अर्घ्य देतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. सोसणाऱ्या आईने तेव्हा काय करायला हवे होते?

पुराचेही तसेच. २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आमच्या तालुक्यातली नदीकाठची गावे रिकामी करावी लागली. तिकडचे लोक म्हणत, अलमट्टीने पाणी अडवले. इकडचे म्हणत, कोयनेने सोडले. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही. तरी वाद मिटला नाही, आणि अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरच्या वर नेण्याचा प्रश्न त्यात तेल ओततच राहिला. मला त्या तांत्रिक वादात पडायचे नाही. मला वाडीचे देऊळ आठवते. पाणी आत येणार, दक्षिणेच्या दाराने जाणार, त्यासाठी दार मोकळे ठेवायचे, एवढे त्या बांधणाऱ्यांना कळत होते. आपण नदीच्या पूररेषेच्या आत घरे बांधली, भराव टाकून रस्ते उंच केले, ओढे बुजवून त्यांवर गाळे काढले. सोपा आईच्या नावावर ठेवलाच नाही, आणि ती सोप्यात येऊन बसली की पूर आला म्हणून ओरडतो. पाण्याच्या वाट्यात पसरायची जागाही येते. वाटणीपत्रात आम्ही जमिनीबरोबर ‘जाण्या-येण्याचा हक्क’ लिहितो, तसाच हा.

कायद्याने अलीकडे या दिशेने चाचपडायला सुरुवात केली आहे. २०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती ठरवले. आपल्या कायद्यात देवळातला देव व्यक्ती असतोच, त्याच्या नावावर जमीन असते, त्याच्या वतीने दावा चालतो. मग नदी का नको? चार महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. राज्य शासनाची एक शंका अशी होती, की पुरात नुकसान झाले तर लोकांनी नदीवर दावा लावायचा काय? शंका हसण्यासारखी वाटते, पण आमच्या धंद्यात ती रास्तच. व्यक्ती म्हटली की तिच्यावर दावाही लावता येतो. मला त्याहून अवघड वाटतो तो पालकाचा प्रश्न. अज्ञानाच्या वतीने पालक उभा राहतो. कृष्णेच्या वतीने कोणते राज्य उभे राहील, जेव्हा प्रत्येक राज्य तिच्याच हिश्शासाठी आलेले आहे?

कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने, ब्रिजेशकुमार लवादाने, २०१० च्या अखेरीस दिलेल्या निकालात नदीच्या किमान प्रवाहासाठी तिन्ही राज्यांच्या हिश्शांतून मिळून १६ टीएमसी पाणी राखायला सांगितले. वाचून मला बरे वाटले. मग हिशेब केला. त्या लवादाने वाटलेले एकूण पाणी २५०० टीएमसीच्या वर, त्यात १६. शंभरात एकही पडत नाही. तीन भावांनी मिळून आईला विहिरीकडचे दीड एकर दिले नाही, उंबऱ्याजवळची हातभर जागा दिली. तरीही पहिल्यांदाच कागदावर तिचे नाव आले, आणि कागदावर नाव येणे म्हणजे काय, हे वाटण्या लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पुढे २०११ मध्ये हा निकाल राजपत्रात प्रसिद्ध करण्याला स्थगिती मिळाली, आंध्रची दोन राज्ये झाली, चौथा भाऊ वाटा मागू लागला.

मी रिकामपणी या वाटणीचे कलम लिहून पाहिले, जुन्या सवयीने, ताव घेऊन. ‘सदर वाटपापूर्वी नदीचा म्हणून प्रथम काढून ठेवावयाचा हिस्सा’ इथपर्यंत सरळ गेले. किती, हे जाणकारांनी ठरवायचे म्हणून जागा मोकळी सोडली. ‘सदर हिस्सा कोणाही हिस्सेदारास वापरण्याचा, अडविण्याचा अगर घाण करण्याचा हक्क राहणार नाही’ हेही जमले. ‘हिस्सा समुद्रापर्यंत पोचता करण्याची जबाबदारी सर्वांची सामाईक’ लिहिले. मग नेहमीचे शेवटचे वाक्य आले, जे आईच्या प्रत्येक कलमात मी हात न थांबवता लिहीत आलो: ‘मातोश्रींच्या पश्चात हा हिस्सा सर्व मुलांत समसमान विभागला जाईल.’

तिथे लेखणी थांबली. ते वाक्य गाळून कलम कसे पुरे करायचे, हे मी अजून पाहतो आहे.